एका ताटाचे दोन वाटे

रब्बीची ज्वारी निघाली की मंगळवेढ्याच्या शिवारात एकाच ताटाचे दोन वाटे होतात. कणसं खळ्यावर जातात आणि उरलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधून कडब्याची गंज रचली जाते. दाणा घरात, कडबा गोठ्यात. ही वाटणी इतकी जुनी आहे की ती अशीच का, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मला तो पडला तो रसायनशास्त्र शिकताना. दाण्यातलं पीठ आणि धाटातला चिवट धागा, दोन्ही एकाच मण्याच्या माळा आहेत हे तेव्हा कळलं. तो मणी म्हणजे ग्लुकोज. वाटणी ठरते ती मण्याला मणी कसा जोडला आहे यावर.

हा मणी तयार होतो पानात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी यांची उन्हाच्या बळावर साखर होते. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं हे प्रमाण थेट पाण्यातलं. त्यामुळे हा पाणी धरून बसलेला कार्बनच असावा, असं जुन्या रसायनतज्ज्ञांना वाटलं आणि त्यातून कार्बोहायड्रेट हे नाव पडलं. आपलं कर्बोदकही तसंच, कर्ब आणि उदक. ती समजूत पुढे चुकीची ठरली, पण नाव टिकलं.

पानातली साखर कणसाकडे वाहते. हुरडा गोड लागतो तो याच टप्प्यावर. आगटीत भाजलेलं गुळभेंडीचं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून भुसकट उडवायचं आणि हिरवे दाणे गरम असतानाच तोंडात टाकायचे. जी गोडी लागते ती अजून माळेत न ओवल्या गेलेल्या साखरेची. पुढच्या काही आठवड्यांत दाणा टणक होतो आणि गोडी जाते. साखर मात्र कुठे गेलेली नसते, दाण्याने ती ओवून तिचा स्टार्च केलेला असतो. सुटी साखर पाण्यात विरघळते आणि पाणी ओढून घेते, त्यामुळे साठवायला अवघड. हजारो मणी एका रेणूत ओवले की तीच शिदोरी न विरघळणाऱ्या घट्ट कणांत मावते. यातल्या बऱ्याचशा सरळ माळांना अमायलोज म्हणतात आणि फांद्या फुटलेल्यांना अमायलोपेक्टिन. ज्वारीत साधारण तीन चतुर्थांश वाटा या दुसऱ्या प्रकाराचा असतो.

भाकरी करणाऱ्या हातांना हा स्टार्च पुस्तकापेक्षा चांगला ठाऊक असतो. गव्हाच्या कणकेला ग्लूटेन धरून ठेवतं. ज्वारीत ते नसतं. पीठ विरी गेलं असेल तर माझी मामी परातीत पिठाचं आळं करायची, त्यात आधणाचं पाणी ओतायची, उलथन्याने कालवायची आणि चटका सोसेल इतपत झालं की मनगटाचा जोर लावून रगडायची. बघता बघता भुरभुरीत पिठाला लवचीकपणा यायचा आणि भाकरी काठाला न चिरता थापली जायची. सुमारे ७० अंश सेल्सिअसला स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली शिस्तीची रचना मोडते, थोडं अमायलोज बाहेर झिरपतं आणि पिठाला चिकी येते. मामीकडे थर्मामीटर नव्हता. आधणाला आलेली उकळी तिला पुरत होती.

आता भाकरीचा कोरडा घास तोंडात ठेवून सावकाश चावत राहा. मिनिटाभरात तो गोडसर लागू लागतो. लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्चच्या माळा तोडून दोन-दोन मण्यांचे तुकडे करू लागतं, त्यांना माल्टोज म्हणतात. हुरड्यातून निघून गेलेली गोडी अशी जिभेवर परत येते. उरलेली तोडफोड लहान आतड्यात होते आणि सुटा ग्लुकोज रक्तात उतरतो. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा ग्लुकोज असतो. मेंदूला मात्र दिवसाला साधारण १२० ग्रॅम लागतो. म्हणून यकृत आपल्या कोठारात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन बाळगतं आणि गरजेप्रमाणे थोडं थोडं सोडत राहतं. ग्लायकोजेन ही पुन्हा ग्लुकोजचीच माळ, स्टार्चपेक्षा जास्त फांद्यांची.

मग कडबा चावून गोड का लागत नाही?

ग्लुकोजचा रेणू पाण्यात बहुतेक वेळ सहा कोपऱ्यांच्या कड्यासारखा असतो. त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते. ती कड्याच्या खालच्या अंगाला असली तर अल्फा, वरच्या अंगाला असली तर बीटा. कागदावर दाखवायचं तर एक छोटी रेघ खाली काढायची की वर, एवढाच हा भेद. अल्फा पद्धतीने मणी जोडत गेलं की माळ वळत जाते आणि मळसूत्र होतं, एका वेढ्याला ६ मणी. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा डाग पडतो, तो आयोडीन या मळसूत्राच्या पोकळीत जाऊन बसल्यामुळे. बीटा पद्धतीत प्रत्येक पुढचा मणी आधीच्याच्या उलटा बसतो. त्यामुळे माळ सरळ राहते. अशा सरळ माळा एकमेकींना बिलगतात, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना पक्क्या धरतात आणि त्यांचा दोर वळला जातो. हा सेल्युलोज. कापसाचा धागा जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असतो, म्हणजे अंगातला सुती सदरा ग्लुकोजचाच विणलेला. कडब्यात सेल्युलोजच्या जोडीला लिग्निनही असतं, म्हणून ते धाट वाऱ्यात ताठ उभं राहतं.

या कोड्याची दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हाती लागली होती, हे मला फार विलक्षण वाटतं. फ्रान्सच्या आन्सेल्म पायान यांनी १८३३ मध्ये पर्सो यांच्या साथीने मोड आलेल्या जवातून स्टार्च तोडणारा डायास्टेज हा पदार्थ वेगळा केला. वेगळं काढलेलं ते पहिलं विकर मानलं जातं. त्याच पायान यांनी १८३८ मध्ये वनस्पतींतून सेल्युलोज वेगळा केला आणि त्याची घडण स्टार्चसारखीच भरते हे नोंदवलं. घटक तेच, प्रमाण तेच, आणि गुण एवढे वेगळे! उलगड्याचा धागा हाती यायला १८९४ साल यावं लागलं. जर्मन रसायनतज्ज्ञ एमिल फिशर यांनी ग्लुकोजच्या एका साध्या संयुगाची अल्फा आणि बीटा अशी दोन्ही रूपं घेतली. यीस्टमधल्या विकराने फक्त अल्फा रूप तोडलं, कडू बदामातल्या विकराने फक्त बीटा. विकर आणि त्याचा पदार्थ यांचं नातं कुलूप-किल्लीसारखं असतं, हे त्यांनी यावरूनच मांडलं. आज शाळेच्या पुस्तकात असलेली ती उपमा जन्मली या अल्फा-बीटाच्या प्रश्नातून.

आपल्याकडे स्टार्चच्या कुलपाची किल्ली आहे, सेल्युलोजची नाही. बीटा जोड मुळीच तुटत नाही असंही नाही. दुधातल्या लॅक्टोजचा जोड बीटाच असतो आणि तान्हं बाळ तो सहज तोडतं. पण सेल्युलोजपुढे आपण हतबल.

खरं सांगायचं तर ती किल्ली बैलाकडेही नाही. ती आहे त्याच्या कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांकडे. मोठ्या जनावराचं कोठीपोट १०० लिटरहून मोठं असतं आणि रवंथ करून बारीक केलेला कडबा त्यात तासन्‌तास आंबत राहतो. सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडतात, सुटलेला ग्लुकोज स्वतःच खातात आणि ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं बाहेर टाकतात. बैल जगतो त्या आम्लांवर. त्याच्या रक्तातला बराचसा ग्लुकोज यकृताने प्रोपिऑनिक आम्लापासून नव्याने घडवलेला असतो. ग्लुकोजच्या पेंढ्याच्या पेंढ्या खाऊनही त्याच्या स्वतःच्या वाट्याला आयता ग्लुकोज जवळजवळ येतच नाही.

म्हणूनच त्याच्यापुढे एकदम खूप स्टार्च आणि गूळ ठेवणं घातक आहे. पोळ्याला घरोघरच्या पुरणपोळ्या, लग्नानंतर उरलेला भात, उघड्या राहिलेल्या पोत्यातलं धान्य. हे सगळं कोठीपोटात झपाट्याने आंबतं, लॅक्टिक आम्ल साचतं, सेल्युलोज तोडणारे जीव मरतात, रवंथ थांबते आणि उपचाराला उशीर झाला तर जनावर दगावतं. हे मायेने घडतं म्हणून जास्त वाईट वाटतं. नैवेद्याचा एक घास जरूर द्यावा, आणि मग कडब्याची पेंढी सोडावी.

लाळेतही ही वाटणी उमटलेली आहे. गाय-बैलांच्या लाळेत अमायलेज नसल्यातच जमा असतं. माणसात त्या विकराच्या जनुकाच्या प्रती वाढत गेल्या आहेत. चिंपांझीत दोनच असतात, माणसात बहुधा त्याहून जास्त, आणि पिढ्यान्‌पिढ्या स्टार्चवर जगलेल्या समाजांत सरासरीने आणखी जास्त, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

एक गोष्ट मात्र या वाटणीत चपखल बसत नाही, ती म्हणजे शिळी भाकरी. रात्रभर गार होताना फुगलेला स्टार्च पुन्हा आवळतो. अमायलोजच्या माळा एकमेकींना चिकटून काही भाग इतका घट्ट होतो की जोड अल्फा असूनही आपल्या अमायलेजला तो उकलत नाही. तो न पचता पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले सूक्ष्मजीव त्याची वाट पाहत असतात. ते तो आंबवतात आणि ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक आम्लं सोडतात. त्यातलं ब्युटिरिक आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं आवडतं इंधन आहे. सकाळी ठेच्याबरोबर शिळी भाकरी खाऊन शेतावर निघालेल्या माणसाच्या पोटात दुपारी हे काम चालू असतं, आणि बांधावर रवंथ करत बसलेल्या बैलाच्या पोटातही.