वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग आणि होमिओपॅथी

लघवीच्या वेळी आग होणे, थेंब थेंब होणे आणि पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे या त्रासाला घरोघरी ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात आणि तो बहुधा धने-जिऱ्याच्या पाण्यावर भागवला जातो. परंतु सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा जंतुसंसर्ग झाल्यास त्याला वारंवार होणारा मूत्रमार्गसंसर्ग मानतात आणि मग त्यामागचे कारण शोधणे भाग पडते. बहुतेक वेळा हा संसर्ग आतड्यात नेहमीच वास्तव्य करणाऱ्या ई-कोलाय या जंतूमुळे होतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब व गुदद्वाराजवळ असल्याने जंतूंना मूत्राशय गाठणे सोपे जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी घटली की योनीमार्गातील संरक्षक जंतूही कमी होतात. मधुमेह, मुतखडा, पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी ही आणखी काही कारणे होत. काही जंतू तर मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशींत शिरून दडून राहतात.

प्रतिजैविकांचे कोर्स घेऊनही त्रास उलटत राहिला की अनेक रुग्ण होमिओपॅथीकडे वळतात आणि हे वळणे समजण्याजोगे आहे, कारण तेथे रुग्णाचे सविस्तर ऐकून घेतले जाते. जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये मांडलेले या पद्धतीचे मूळ तत्त्व असे की, निरोगी माणसात जो पदार्थ विशिष्ट लक्षणे निर्माण करतो, तोच सूक्ष्म मात्रेत ती लक्षणे असलेल्या रुग्णाला बरे करतो. कॅन्थॅरिस हे औषध ज्या भुंगेऱ्यापासून बनते, त्याचे विष पोटात गेल्यास मूत्रमार्गाची भयंकर आग होते व लघवीतून रक्त जाते. म्हणून जळजळीच्या तक्रारीवर तेच दिले जाते. लक्षणांच्या छटेनुसार सार्सापॅरिला, स्टॅफिसॅग्रिया किंवा बर्बेरिस यांचीही निवड होते. मात्र ‘३० सी’ शक्तीचे औषध करताना मूळ अर्काचा एक भाग ९९ भाग द्रावकात मिसळून हलवण्याची क्रिया तीस वेळा करतात, आणि बाराव्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा एखादा रेणूही शिल्लक राहण्याची शक्यता नगण्य असते.

उपलब्ध अभ्यास तपासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही. तरीही गुण आल्याचे रुग्ण मनापासून सांगतात; याचे कारण मूत्राशयापुरता मर्यादित संसर्ग काही जणींत औषधाविना ओसरतो आणि हा आजार मुळातच येत-जात राहणारा असल्याने मधल्या बऱ्या काळाचे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या गोळ्यांना मिळते.

याउलट साध्या पाण्याच्या बाजूने ठोस पुरावा आहे. कमी पाणी पिणाऱ्या व वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्या गटात वर्षभरातील संसर्गांची सरासरी, जादा पाणी न पिणाऱ्या दुसऱ्या गटाच्या ३.२ च्या तुलनेत, १.७ इतकीच राहिली. बाजारात, बसस्थानकावर वा शेतावर स्वच्छ स्वच्छतागृह नसल्याने दिवसभर पाणी टाळणाऱ्या स्त्रियांसाठी हा आकडा फार बोलका आहे, आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेली ‘राइट टू पी’ ही मोहीम त्यामुळेच आरोग्याचीही मोहीम ठरते. रजोनिवृत्तीनंतर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम आणि मेथेनामाइन हे प्रतिजैविक नसलेले औषध, या पर्यायांबद्दलही डॉक्टरांना विचारता येते.

होमिओपॅथीच्या गोळ्या घ्यायच्याच असतील, तर आधी लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून तो कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहणारी तपासणी, करून घ्यावी व सुरू असलेले प्रतिजैविक मधेच सोडू नये. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे वा उलट्या ही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची लक्षणे असू शकतात. ती दिसल्यास, तसेच गर्भवतीला साधी जळजळ झाली तरी, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.