चौदा-पंधराचा पेच

रोह्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. धावीर महाराजांच्या पालखीच्या दिवसांत त्यांनी मुलीला आकडे सरकवायचा प्लॅस्टिकचा खेळ घेतला. चार बाय चारची चौकट, १ ते १५ आकड्यांचे ठोकळे आणि एक घर रिकामं. मुलीने एके दिवशी सगळे ठोकळे उचकटून काढले, पुसले आणि हाताला येतील तसे परत बसवले. तेव्हापासून खेळ सुटत नाही. पहिल्या तीन ओळी लागतात, १३ही जागेवर बसतो, आणि शेवटी १५, १४ असे उलटे उरतात. वडिलांच्या फोनवरचा तोच खेळ मात्र दर वेळी सुटतो. ‘खेळणं बिघडलं का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

खेळणं धडधाकट आहे, आणि मुलीच्या हुशारीतही काही उणं नाही. तिच्या हातात आलेला पेच १८८० साली अख्ख्या अमेरिकेने आणि युरोपने डोक्याला लावून घेतला होता.

त्याची उकल सांगायला रोह्याहून पेणला जाऊ. मूर्तीच्या कारखान्यात चार हातांचा गणपती समोर आहे असं धरा. पाश, अंकुश, मोदक आणि दात अशा चार वस्तू चार हातांत द्यायच्या आहेत. किती तऱ्हांनी देता येतील? चोवीस. हे गणित आपल्याकडे फार जुनं आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे, त्यात हाच प्रश्न येतो. विष्णूच्या चार हातांतली गदा, चक्र, कमळ, शंख ही आयुधं आपसांत बदलली तर किती रूपं होतील? उत्तर २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतात, ती मूर्तिशास्त्रात याच चार आयुधांच्या वेगवेगळ्या क्रमांनी ओळखली जातात. त्याच प्रश्नात भास्कराचार्य शंकराचे दहा हातही घेतात, आणि दहा आयुधांचे क्रम निघतात ३६,२८,८०० ! आठ-साडेआठशे वर्षांपूर्वी चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथल्या विद्यार्थ्यांनीही ही आयुधं बोटांवर मोजली असतील, या कल्पनेने मला फार आनंद होतो.

आता त्या गणपतीला एक नियम लावू. एका वेळी फक्त दोनच हातांतल्या वस्तूंची अदलाबदल करायची. कितीही वेळा करा, पण मूळ मांडणीवर परत आलात की केलेल्या अदलाबदलींची संख्या समच भरेल. एका, तीन किंवा पाच बदलांत परत येताच येत नाही. हात ओळीने मांडले तर कुठलीही एक अदलाबदल मूळ क्रमाच्या ‘उलट्या’ लागलेल्या जोड्यांची संख्या विषम आकड्यानेच कमी-जास्त करते, हे त्यामागचं कारण. म्हणजे चोवीस मांडण्यांचे सरळ दोन गट पडतात. बारा सम अदलाबदलींनी मिळणाऱ्या, बारा विषम.

हेच आकड्यांच्या चौकटीला लावू. रिकाम्या घराला सोळावा ठोकळा माना. ठोकळा सरकवणं म्हणजे त्याची आणि रिकाम्या घराची अदलाबदल. मनातल्या मनात चौकटीला बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा रंग द्या. प्रत्येक चालीला रिकामं घर काळ्यावरून पांढऱ्यावर किंवा पांढऱ्यावरून काळ्यावर जातं. ते शेवटी निघाल्या कोपऱ्यात परत आलं, तर चाली सम झाल्या असल्या पाहिजेत, म्हणून अदलाबदलीही सम. आणि १४-१५ उलटे असणं म्हणजे एकच अदलाबदल, विषम. ती मांडणी नुसती सरकवून दुरुस्त होणं शक्यच नाही. किती सुबक युक्तिवाद आहे ! ना समीकरण, ना सूत्र. दोन रंग आणि सम-विषम, एवढ्यावर काम झालं. सोळा जागांत ठोकळे बसवायच्या एकूण तऱ्हा २,०९,२२,७८,९८,८८,०००. त्यातल्या बरोबर निम्म्या, १,०४,६१,३९,४९,४४,०००, सुटणाऱ्या आणि तितक्याच न सुटणाऱ्या. ठोकळे डोळे मिटून बसवले तर खेळ सुटण्याची शक्यता नाणेफेकीइतकी. विल्यम जॉन्सन आणि विल्यम स्टोरी या दोन गणितज्ञांनी हे ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये १८७९च्या खंडात मांडलं. विषम मांडण्या अशक्य हे जॉन्सनने, आणि सम मांडण्या सगळ्याच्या सगळ्या सुटतात हे स्टोरीने. दुसरा भाग जास्त अवघड होता.

आता ज्या माणसासाठी मला हा लेख लिहावासा वाटला, त्याच्याकडे येतो. हा खेळ कुणी शोधला असं विचारलं तर अजूनही पुष्कळ ठिकाणी सॅम लॉइड हे नाव मिळतं. लॉइड अमेरिकेतला नावाजलेला कोडेकार होता, बुद्धिबळातल्या त्याच्या रचना खरोखर उत्तम आहेत. १८९१पासून तो सांगू लागला की जगाला वेड लावणारा हा खेळ आपलाच. १४-१५ची उलटी जोडी सुलटी करणाऱ्याला त्याने १,००० डॉलरचं बक्षीस लावलं. बक्षीस कुणालाच मिळणार नव्हतं. ते अशक्य असल्याचं तोपर्यंत छापून दशक उलटून गेलं होतं. २००६ साली जेरी स्लोकम आणि डिक सोनेव्हेल्ड यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून पुस्तक काढलं, आणि लॉइडचा दावा खोटा ठरला. खेळ होता नॉइस चॅपमनचा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावचा हा पोस्टमास्तर. १८७४च्या सुमारास तो मित्रांना सोळा ठोकळ्यांचं कोडं दाखवत असे. ओळींची बेरीज ३४ येईल असे ते लावायचे असत. (खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेल्या प्रसिद्ध जादूच्या चौकटीतल्या ओळींची बेरीजही ३४.) त्यातून सरकवायचा खेळ निघाला, हार्टफर्डच्या मूकबधिर शाळेतल्या विद्यार्थ्यांनी तो बनवून विकला, तिथून बॉस्टनला गेला आणि काही महिन्यांत जगभर. चॅपमनने १८८० साली पेटंटसाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. ज्याने खेळ दिला त्याच्या वाट्याला ना पैसा आला ना नाव, आणि ज्याने नुसती आरोळी ठोकली त्याचं नाव शंभर वर्षं टिकलं. याची मला मनापासून चीड येते.

मग फोनवरचा खेळ का अडत नाही? कारण तो लिहिणाऱ्याने जॉन्सन आणि स्टोरीचं गणित आत घातलेलं असतं. संगणकावर हा खेळ जुनाच आहे. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्येही तो होता, अँडी हर्ट्झफेल्डने लिहिलेला. पण खरी मजा पाहायची तर इंग्लंडच्या सायमन टॅथमचा कोड्यांचा संग्रह उघडा. चाळीसच्या घरात खेळ, सगळे फुकट, आणि आतला प्रोग्रॅमही कुणालाही वाचायला खुला. त्यातल्या ‘फिफ्टीन’मध्ये संगणक ठोकळे यदृच्छेने बसवत जातो आणि शेवटचे दोन हातात राखून ठेवतो. मग झालेल्या मांडणीची सम-विषमता आणि रिकाम्या घराचा रंग तपासतो आणि ते दोन योग्य क्रमाने बसवतो. जिथे रोह्याच्या मुलीचा डाव अडला, नेमकी तिथेच ही दक्षता.

त्याचं भावंड ‘सिक्स्टीन’ मला जास्त आवडतं. त्यात रिकामं घर नाही. अख्खी ओळ किंवा अख्खा उभा रकाना सरकतो, एका टोकाला बाहेर पडलेला ठोकळा दुसऱ्या टोकाने आत येतो. चार बाय चारमध्ये इथे कुठलीही मांडणी सुटते, कारण चार ठोकळ्यांचं एक चक्र म्हणजे तीन अदलाबदली, विषम. प्रत्येक चालीला गट बदलतो, म्हणून दोन्ही गट आवाक्यात येतात. तोच खेळ पाच बाय पाचचा करा. पाचांचं चक्र म्हणजे चार अदलाबदली, सम. आणि जुना पेच पुन्हा दारात हजर! एक ओळ आणि एक रकाना वाढला की अशक्य गोष्टी तयार होतात, हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी जेवायचा विसरलो होतो.

सुटणारी मांडणी कमीत कमी चालींत सोडवणं मात्र वेगळीच अवघड गोष्ट आहे. चार बाय चारमध्ये अगदी वाईट मांडणीलाही ८० चाली पुरतात, हे संगणकाच्या मदतीने ठरायला १९९९ उजाडलं.

रोह्याच्या वाचकांना दोन उपाय. १४ आणि १५ हे ठोकळे काढून अदलाबदल करून बसवा, खेळ पूर्ववत होईल. पण त्याआधी मुलीला दुसरा प्रयोग करू द्या. ठोकळे आहेत तसेच ठेवून, रिकामं घर खाली उजवीकडे न ठेवता वर डावीकडच्या पहिल्या कोपऱ्यात आणायचं, आणि दुसऱ्या घरापासून १, २, ३ असे १५पर्यंत ओळीने लावायचे. हा क्रम तिच्याच गटातला आहे. तो लागतो.