गाडीचा स्वभाव आणि गाडीचा दोष

जळगाव-धुळ्याकडे ज्या घरांत जुनी बुलेट अद्याप जिव्हाळ्याने सांभाळलेली आहे, त्या घरांच्या ओसरीपुढील फरशीवर तेलाचा एक काळा डाग हमखास आढळतो, आणि त्याविषयी कोणी पृच्छा केली तर मालक किंचित अभिमानानेच उत्तर देतो, ‘बुलेट आहे ना भाऊ, तेल गळणारच!’ वाहनांविषयीच्या आपल्या पुष्कळशा गैरसमजांचे मूळ या एका उत्तरात आहे. ज्या गाडीवर जीव जडतो तिच्या दोषाला आपण स्वभाव म्हणू लागतो, आणि जिच्याविषयी ममत्व नाही तिच्या किरकोळ कुरकुरीचीही फिर्याद चारचौघांत मांडतो.

तेल गळणे हा बुलेटचा स्वभाव आहे, हा गैरसमज प्रथम तपासू. १९५५ पासून मद्रासेत जुळणी होऊ लागलेल्या या मोटारसायकलीच्या जुन्या रचनेत इंजिन व गिअरबॉक्स पृथक् होते आणि प्रायमरी चेनवरचे झाकण मध्यभागी एकाच नटाने आवळलेले असे. तो नट गरजेपेक्षा अधिक आवळला की झाकण वाकते, कडेचे पॅकिंग नीट बसत नाही आणि तेथून तेल झिरपू लागते. शिवाय पिस्टन खाली येताना क्रँककेसमधील हवा दाबली जाते. तिला वाट देणारी ब्रीदरची नळी तुंबलेली असेल, तर तो दाब जो सांधा दुर्बल असेल त्यातून तेल बाहेर ढकलतो. म्हणजे कारणे यांत्रिक आहेत, आणि बहुतेकांवर इलाजही आहे. २०१० च्या आसपास इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात सामावणारी नवी रचना सर्वत्र रूढ झाली, गळती बव्हंशी थांबली, आणि ज्या धडधडीसाठी रावेर-यावलचा केळी-बागायतदार ही गाडी घेतो ती धडधड ओळखण्याजोगी शिल्लक राहिली. गळती हाच जर स्वभाव असता, तर गळतीबरोबर बुलेटही संपली असती.

दुसरा गैरसमज आमच्या हवामानाशी निगडित असल्यामुळे त्याबद्दल अधिक विस्ताराने लिहितो. माझ्या बालपणी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आमच्या घरची जुनी मोटार एका ठरावीक वळणावर उकळत असे, बॉनेटमधून वाफ निघे, आणि वडील चाकाखाली दगड लावून, पाण्याचा डबा हातात घेऊन, शांतपणे ती निवण्याची वाट पाहात. खानदेशात उन्हाळ्यात गाडी गरम व्हायचीच, असे आम्ही सारे मानीत होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो हे खरे; परंतु सुस्थितीतील शीतनव्यवस्था अशी उष्णता गृहीत धरूनच आखलेली असते. रेडिएटरचे झाकण आतील पाणी दाबाखाली ठेवते, आणि दाब वाढला की उत्कलनबिंदूही शंभर अंशांच्या बराच वर जातो. म्हणून ज्या गाडीच्या झाकणाचे रबर झिजले ती घाटात लवकर उकळते, आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे हे अंगावर उकळते पाणी ओढवून घेणे होय.

आमच्याकडे कूलंटऐवजी विंधनविहिरीचे जड पाणी सर्रास ओतले जाते. त्यातील क्षार बारीक नळ्यांत थर धरतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पाण्याचे अभिसरण मंदावते. त्यावर काही मिस्त्री जो उपाय करतात तो तर दोषाहून घातक: ते थर्मोस्टॅटचा वॉल्व्हच काढून टाकतात. त्यामुळे इंजिन हिवाळ्यातल्या सकाळी योग्य तापमानाला पोहोचण्यास फार वेळ घेते, इंधन अधिक जाते, झीज वाढते, आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो. वडिलांच्या त्या गाडीचा रेडिएटर पुढे एका जाणत्या कारागिराने उघडून साफ केला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती त्या वळणावर थांबली नाही. जिला आम्ही इतकी वर्षे खानदेशच्या उन्हाची करामत मानत होतो, ती क्षारांची पुटे होती.

जी गाडी चालवण्यात आनंद आहे ती दगा देणारच, आणि जी भरवशाची ती नीरस असणारच, अशीही एक समजूत रूढ आहे. तिला १९८३ या वर्षाने मोठेच बळ दिले. कारण त्या एकाच वर्षी एस्कॉर्ट्सने दोन सिलिंडरांची राजदूत ३५० बाजारात आणली आणि डिसेंबरात गुरगावहून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. पहिली पेट्रोल पिणारी आणि अंगावर काटा आणणारी, दुसरी ‘खर्च नसलेली’. लोकांनी त्यावरून एक कायमचा सिद्धान्त बांधला. वस्तुतः राजदूत ३५० ची खरी उणीव वेगात नव्हती. ती ज्या परदेशी यामाहावर बेतलेली होती तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असताना येथे ड्रम ब्रेक देण्यात आला होता, आणि तो त्या वेगाला अपुरा पडे. न थांबणाऱ्या गाडीला थरारक म्हणणे हे मला नेहमीच अनुचित वाटत आले आहे. उलट उदाहरणही आहे: अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मूळ मालकांकडून तक्रारींची गणना करते, आणि तिच्या २०२१ च्या पाहणीत सर्व मॉडेलांत सर्वांत कमी तक्रारी पोर्शे ९११ या अस्सल वेगवान गाडीच्या होत्या. मात्र अशा पाहणीत बंद पडलेल्या इंजिनाबरोबरच न समजणाऱ्या बटणाचीही तक्रार मोजली जाते. म्हणजे ती यंत्राइतकीच मालकाच्या अपेक्षेचीही मोजणी असते, हे ध्यानात ठेवूनच तिचे आकडे वाचावेत.

रिकॉल झालेली गाडी म्हणजे बाद गाडी, हा आणखी एक अपसमज. मारुतीने २०२१ च्या सप्टेंबरात १,८१,७५४ पेट्रोल गाड्या, आणि २०२३ च्या जुलैत एस-प्रेसो व ईको मिळून ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. दुसऱ्या वेळी संशय स्टिअरिंगच्या टाय रॉडवर होता. अशा रिकॉलचे पत्र आले की गाडी विकण्याची घाई करणारे लोक मी पाहिले आहेत. खरे तर दोष सापडला, मान्य झाला आणि विनामूल्य दुरुस्तीची जबाबदारी उत्पादकाने घेतली, हे त्या पत्राचे तात्पर्य असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सात वर्षांच्या आतील वाहनांविषयी ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या, तर सरकार सक्तीने रिकॉलचा हुकूम देऊ शकते. दोषाला स्वभाव म्हणून गप्प बसणारा मालक म्हणजे या गणनेतून गळालेली एक तक्रार होय, आणि तिची किंमत त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला मोजावी लागू शकते.

दोष सिद्ध झाला की नवी गाडी मिळते, ही समजूतही निराधार आहे. मारुतीविरुद्धच्या क्लचच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वॉरंटीच्या शर्तीनुसार सदोष भाग बदलून देण्यापुरतीच उत्पादकाची जबाबदारी मानली. तरीही मार्ग बंद नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे गाडी पुण्यात घेतली असली तरी जळगावचा किंवा धुळ्याचा रहिवासी आपल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार रुजू करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे. तेथे जिव्हाळ्याच्या हकीकतींना वजन नसते, दस्तऐवजाला असते. म्हणून पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा, समोरचा माणूस ‘हे सगळ्याच गाड्यांना होतं’ म्हणाला तरी, आपली तक्रार आपल्या शब्दांत जॉब कार्डावर लिहवून घ्या, तारीख आणि किलोमीटर नोंदवा, आणि ती प्रत घरी जपून ठेवा.