सुकाणू आपल्या हाती



मालाडच्या मार्वे किनाऱ्यावरून मनोरीला जायला खाडी ओलांडावी लागते. फेरीबोटीत बसलं की थोड्या वेळात पलीकडे. मग काही माणसं यंत्र नसलेली शिडाची छोटी होडी घेऊन मुद्दाम पाण्यात का जातात? त्यांना ना कुठं पोचायचं असतं, ना मासळी आणायची असते. आम्हालाही आधी हा रिकामपणाचा उद्योग वाटायचा. पण कारणं समजत गेली, तशी ती आपल्या ओळखीचीच निघाली.

पहिलं कारण वारा. खळ्यावर धान्य उफणताना आपण वाऱ्याचा अंदाज घेऊनच उभ्या राहतो. शिडाच्या होडीतही तेच कसब लागतं. होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. आधी एका बाजूला तिरकी, मग दुसऱ्या बाजूला तिरकी, अशी नागमोडी न्यावी लागते. शिडाची दोरी कधी ओढायची, कधी सैल सोडायची, हे हाताला कळावं लागतं. होडी कलली की उलट्या बाजूला अंग टाकायचं. ज्याला हे जमलं, त्याला वारा आपल्याशी बोलतोय असं वाटतं. पूर्वी कोळी बांधवांच्या होड्याही शिडावरच चालायच्या. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे त्यांना पाठ असत.

कुणाला शांतता हवी असते. यंत्राची घरघर नाही, डिझेलचा वास नाही, फक्त पाण्याचा आवाज. कुणाला शर्यत आवडते. कुणाला रंग लावणं, दोर बदलणं, फाटलं शीड शिवणं यातच समाधान मिळतं. घरच्यांसोबत चार तास निवांत मिळतात, म्हणूनही काही जण जातात.

आणि एक कारण आम्हाला सगळ्यांत मोठं वाटतं. छोट्या होडीत निर्णय आपला असतो. मुलांना शिकवायला ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची जेमतेम पावणेआठ फुटांची होडी असते. तीत एकच मूल बसतं. वळायचं कधी, हे त्यानंच ठरवायचं.

आता आपल्याकडे बघा. कोळीवाड्यात मासळीचा बाजार बायका सांभाळतात, पैशाचा हिशेब त्यांच्याकडे असतो. सुकाणू मात्र बहुधा पुरुषाच्या हाती. बायकांना ते जमत नाही म्हणून नव्हे, कुणी दिलं नाही म्हणून.

ज्यांच्या हाती ते आलं, त्यांनी काय केलं? १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. नौका फक्त ५६ फुटांची, तीही गोव्यातच बांधलेली. पृथ्वीला फेरी घालून त्या २१ मे २०१८ ला परतल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच नौकेतून दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ ला फेरी पुरी करून आल्या.

आपण सगळ्यांनी होडी घ्यावी असं आमचं म्हणणं नाही. कधी बसलात, तर आधी जीवरक्षक जाकीट घाला, पावसाळी समुद्रात जाऊ नका आणि तिथल्या जाणत्या माणसाचं ऐका.

पण पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की एकमेकींना जरूर विचारा: ‘बाई, केवळ आवडतं म्हणून तू काय करतेस?’ उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर त्यावरही बोलू या.