थांबण्याचं कसब

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्सा बंदरात पहाटे दोन प्रकारची वर्दळ असते. मासेमारी करून आलेल्या बोटी धक्क्याला लागून माल उतरवत असतात आणि पलीकडे दुमजली पर्यटक बोटींवर लाइफ जॅकेटं वाटली जात असतात. साडेसहाच्या सुमाराला या दुमजली बोटी एकामागोमाग एक बाहेर पडतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा इथला हंगाम. तेव्हा या बाजूचा समुद्र निवळलेला असतो. मे महिन्यात नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की इथला धंदा बसतो आणि पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीचा सुरू होतो.

निळा देवमासा हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. तो पाहायला बहुतेक ठिकाणी खूप आत जावं लागतं. इथे मात्र डोंड्राच्या भूशिराजवळ किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा फारच अरुंद आहे. थोडं पुढे गेलं की तळ एकदम खाली जातो आणि मोठे देवमासे किनाऱ्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर येतात. इथले निळे देवमासे अंटार्क्टिकातल्या त्यांच्या भाऊबंदांपेक्षा लहान, पण तेही वीस मीटरच्या पुढचे.

बोट सुटली की खालच्या मजल्यावर आल्याची बिस्किटं आणि उलटीच्या गोळ्या फिरतात. ज्यांना बोट लागते ते तासाभरात कडेला जाऊन बसतात. खरं काम वरच्या मजल्यावर चाललेलं असतं. तिथे एक पोरगेलासा खलाशी कठड्याला पाठ टेकून उभा असतो. दुर्बीण गळ्यात असली तरी तो ती फारशी वापरत नाही. नजर एका जागी रोवायची नाही, क्षितिजाच्या अलीकडच्या पट्ट्यावरून सावकाश फिरवत राहायची, ही त्याची रीत. तो शोधत असतो फवारा. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, आणि वर आल्यावर त्याने सोडलेल्या श्वासाचा तुषारांचा खांब लांबून दिसतो.

त्या फवाऱ्यावरूनच जात ओळखली जाते. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ आणि उंच, आठ-नऊ मीटरपर्यंत जाणारा. स्पर्म व्हेलचा बुटका, पुढे आणि डावीकडे कललेला. ब्रायड्स व्हेलचा फवारा कमी उंचीचा आणि पाठीवरचा पर ठळक, मागे वळलेला. निळ्याचा पर अगदीच खुजा, तोही पार शेपटीच्या बाजूला. त्यामुळे आधी पाठ सरकत राहते, सरकतच राहते, आणि बऱ्याच वेळाने तो पर दिसतो. लांबीचा खरा अंदाज तेव्हा येतो.

फवारा दिसला की खलाशी घड्याळाच्या भाषेत ओरडतो. बोटीचं तोंड म्हणजे बारा. ‘दोन वाजता!’ म्हटलं की सगळी बोट उजवीकडे वळून बघते. इथून पुढे तांडेलाची परीक्षा. देवमासा काही सेकंदांच्या अंतराने चार-पाच वेळा श्वास घेतो, मग पाठीची कमान करतो आणि बुडी मारतो. पुष्कळदा शेपटीचा पंखा पाण्याबाहेर उचलून. तो गेल्यावर मागे पाण्यावर इस्त्री फिरवल्यासारखा गुळगुळीत गोल उरतो. जाणता तांडेल त्या गोलाकडे जात नाही. शेवटच्या दोन श्वासांमध्ये देवमाशाने धरलेली दिशा तो लक्षात ठेवतो, अंतर राखून त्या बाजूला जातो, गिअर काढतो आणि घड्याळाकडे बघतो. दहा-एक मिनिटं काहीच घडत नाही.

आमच्या बोटीवर साताऱ्याकडचं एक कुटुंब होतं. त्यातले काका वैतागले. “अहो, पैसे मोजलेत, जरा जवळ घ्यायला सांगा की!” गाइडने त्यांचं म्हणणं तांडेलापर्यंत पोहोचवलं. त्याने मान हलवली आणि मोडक्या इंग्रजीत एवढंच सांगितलं, की मागे लागलो तर तो खोल जाईल, थांबलो तर कदाचित येईल. इतर दोन-तीन बोटी मात्र भरधाव त्या गोलावर जाऊन पोचल्या. देवमासा वर आला तो त्यांच्यापासून दूर. त्या पुन्हा वळल्या, तसा तो दोनच श्वास घेऊन खाली गेला. आमच्या वाट्याला त्यानंतर पाण्याखालून सरकणारा फिकट हिरवट-निळा पट्टा आला, मग पाठ, आणि शेवटी शेपूट. काका फोटो काढायचंच विसरले.

हे प्राणी इथे नुसते मिरवायला येत नाहीत. 2003 साली ओडिसी या संशोधन नौकेवर असताना आशा डी वॉस या श्रीलंकन संशोधिकेला निळ्या देवमाशांजवळ विटकरी रंगाची विष्ठा तरंगताना दिसली. म्हणजे हे इथे खातात. मोठे देवमासे खायला थंड समुद्रात जातात, या पुस्तकी समजुतीला तो धक्का होता. पुढे इथल्या देवमाशांच्या आहारात क्रिलऐवजी छोट्या कोळंब्या आढळल्या. बोट अंगावर घालून आपण त्यांचं जेवण मोडतो, हे त्यामुळे स्पष्ट झालं.

आणि धोका फक्त पर्यटकांच्या बोटींचा नाही. डोंड्राच्या दक्षिणेने जगातल्या अतिशय गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक जातो. देवमासा बघत असताना क्षितिजावर कंटेनर जहाजांची रांग डोळ्यांना दिसते. हा मार्ग 15 सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर धडकेची शक्यता 95 टक्क्यांनी घटेल, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने 2022 साली आपली जहाजं तशी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली.

आपल्या समुद्रालाही निळा देवमासा परका नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत 2015 साली त्याची नोंद झाली आहे. तारकर्ली, दापोली किंवा गोव्यातल्या डॉल्फिन फेऱ्यांमध्येही घाईचा तोच प्रकार चालतो. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, पण बोटीवर त्याची आठवण कुणी करून देत नाही.

तेव्हा मिरिस्साला जा किंवा मालवणला, बोट ठरवताना दर विचाराल तसं एवढंही विचारा, की प्राणी दिसल्यावर बोट किती लांब थांबवता? श्रीलंकेच्या नियमात ते अंतर 100 मीटर आहे. ‘अगदी जवळ नेतो’ असं ठामपणे सांगणारी बोट सोडा आणि पुढची बघा. गिऱ्हाईकच घाई करेनासं झालं, तर पाठलागही थांबेल.