भोपाळचे निष्कर्ष आणि छापण्याची जबाबदारी

संशोधनपत्रिकांच्या नीतिमत्तेचा विषय निघाला की वाङ्मयचौर्य, बनावट आकडे, एकच शोधनिबंध दोन ठिकाणी पाठवणे अशी लेखकांच्या अपराधांची यादी पुढे येते. संपादकाने हितसंबंध तपासावेत, समीक्षकाने हाती आलेले अप्रकाशित लेखन स्वतःसाठी वापरू नये, चूक उघड झाल्यास निबंध जाहीरपणे मागे घ्यावा, हे नियमही आता रुळले आहेत. संपादकांनीच १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कोप’ ही प्रकाशन-नीती समिती स्थापन केली. मात्र या साऱ्या नियमांचा रोख खोटे छापले जाऊ नये याकडे आहे. खरे असण्याची शक्यता असलेले आणि लोकांच्या प्रकृतीशी थेट संबंध असलेले निष्कर्ष वेळेवर बाहेर आणण्याची जबाबदारी कोणाची, यावर त्या मानाने कमी बोलले जाते. भोपाळमध्ये हा प्रश्न चाळीस वर्षे रेंगाळला आहे.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ पासून अनेक प्रकल्प हाती घेतले. ऐंशी हजारांवर वायुबाधितांची दीर्घकाळ पाहणी केली. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’च्या १९८७ च्या पुरवणीत सुरुवातीचे काही निबंध आले. १९९४ मध्ये मात्र हे काम थांबले आणि दीर्घकालीन पाहणीचा एकत्रित अहवाल उजेडात यायला २००४ उजाडले. कंपनीशी झालेली १९८९ ची ४७ कोटी डॉलरची नुकसानभरपाईची तडजोड तोवर कधीच होऊन गेली होती. दाव्यांसाठी आजार सिद्ध करण्याचा भार बाधितांवर होता, आणि त्यांना आधार देऊ शकणारी आकडेवारी सरकारी कपाटात होती. शास्त्रीय काटेकोरपणाला वेळ लागतो हे मान्य केले तरी दहा वर्षांच्या विलंबाचे समर्थन होत नाही.

याउलट, वायूच्या गर्भवतींवरील परिणामांविषयीचा संशोधक दया वर्मा यांचा निबंध १९८७ मध्येच एका आंतरराष्ट्रीय पत्रिकेत छापून आला होता. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ८६५ गर्भवतींपैकी ४३ टक्के जणींच्या पोटी जिवंत मूल जन्माला आले नाही, असे त्यात नोंदवले होते. म्हणजे लवकर प्रसिद्ध करणे अशक्य नव्हते.

अशा निबंधाची समीक्षा करताना पहिला प्रश्न येतो तो तुलनेच्या गटाचा. दक्षिणेकडच्या चार इमलीसारख्या वसाहती वायूच्या मुख्य पट्ट्याबाहेर राहिल्या, पण तिथल्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतील मुलांशी कारखान्यासमोरच्या जे. पी. नगरातील मुलांची तुलना केली, तर वायूचा परिणाम कोणता आणि गरिबीचा कोणता हे कळणार नाही. तुलनेचा गट कसा निवडला आणि त्यात कोणत्या उणिवा राहिल्या, हे लेखकाने लिहायचे असते आणि समीक्षकाने विचारायचे असते.

उणिवांच्याच मुद्द्यावर भोपाळमधील राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्थेचा एक अभ्यास अडला. वायुबाधित मातांच्या १,०४८ बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण ९ टक्के, तर बाधा न झालेल्या मातांच्या १,२४७ बाळांत १.३ टक्के आढळले होते. अभ्यासात मूलभूत दोष आहेत, सबब निष्कर्ष कुठेही मांडू नयेत, असा निर्णय २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या बैठकीत झाला. माहिती अधिकारातून कागद मिळवून बाधितांच्या संघटनांनी तो पुढे चव्हाट्यावर आणला. दोष असतीलही, पण दोषांसह निबंध समीक्षेला पाठवणे, किंवा सुधारून पाहणी पुन्हा करणे, हे दोन्ही मार्ग खुले होते. बंद खोलीतील नकाराला समीक्षा म्हणता येत नाही, कारण त्याची कारणे इतर शास्त्रज्ञांना तपासता येत नाहीत.

दुसऱ्या टोकाला, पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या पत्रिकांचा बाजार आहे. प्राध्यापकांची बढती निबंधांच्या गुणांना जोडल्यावर तो फोफावला. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त पत्रिकांच्या यादीची छाननी करून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या ज्या पत्रिका तपासल्या, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे त्यांना दिसले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका वगळल्या. नंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात केंद्र असलेली ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. पत्रिका निवडण्याचे काम आता विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधकांवर आले असून, संपादक मंडळ खरे आहे का, समीक्षा प्रत्यक्ष होते का आणि शुल्क उघडपणे सांगितले आहे का, हे त्यांनाच तपासावे लागते.