शिरेवर शीर चढते तेव्हा

रात्री दोनच्या सुमारास झोपेतच पाय ताणला जातो, चवडा खाली वळतो आणि पोटरीत दगडासारखा गोळा उठतो. गरोदर बाई कळवळून जागी होते. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘शिरेवर शीर चढली.’ शीर बिचारी यात नसतेच. सगळा खेळ स्नायूचा.

झोपेत पाऊल बहुधा खाली कललेलं असतं, म्हणजे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला. त्यात चेतातंतू अचानक भराभर संदेश धाडू लागले की तो आवळून बसतो. गरोदरपणी, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, हे वारंवार का होतं याचं पक्कं उत्तर विज्ञानाला अजून मिळालेलं नाही. वाढलेलं वजन, पायांतलं मंदावलेलं रक्ताभिसरण, क्षारांची उलथापालथ, असे संशयित पुष्कळ.

उतारा मात्र साधा आहे. गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं नडगीकडे ओढायची. पोट आडवं येत असेल तर नवऱ्याला उठवावं (त्याचीही झोप मोडू दे की!) आणि त्यानं टाच धरून चवडा हळूहळू वर रेटावा. ताण बसला की कंडरेतले सूक्ष्म संवेदक मज्जारज्जूला वर्दी देतात आणि स्नायूला सैल पडण्याचा हुकूम सुटतो, असं मानतात. या संवेदकांना इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांचं नाव आहे; १९०६च्या नोबेलचे ते एक मानकरी. गोळा उतरल्यावर पोटरी चोळावी, शेकावी.

गोळ्यावर गोळी शोधणारे म्हणतात, ‘कॅल्शिअम कमी पडलं.’ सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा मिळणारी ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्यावीच, फक्त लोहाच्या गोळीबरोबर नको. पण कॅल्शिअमच्या गोळीचं मुख्य काम रक्तदाबाची गुंतागुंत टाळणं. कॅल्शिअम किंवा मॅग्नेशिअमनं गोळे थांबतात का, याबद्दल झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२०च्या कॉक्रेन आढाव्यालाही ठामपणे काही सांगता आलं नाही.

एका दुखण्यात मात्र शीरच गुन्हेगार असते. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे कल वाढतो, आणि डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर ओटीपोटात धमनीखाली दबते. एकच पाय, बहुधा डावा, सुजला, गरम वा लाल झाला, दुखणं काही मिनिटांत न ओसरता टिकून राहिलं, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नका.